आरव्हीच्या ऑनिंगचे कापड बदलताना: स्प्रिंग आधी, कापड नंतर

ऑनिंग म्हणजे आरव्हीच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, बाजूला लावलेले गुंडाळता येणारे कापडी छत. त्याचे कापड बहुतेक वेळा एकाच जागी आधी जाते: गुंडाळल्यावर जो भाग बाहेर राहतो आणि वर्षभर ऊन खातो तिथे. धातूचे आवरण नसेल तर तिथले व्हिनाइल कडक होते, तडकते आणि मग एका वाऱ्यात उभे फाटते. दोन्ही बाजूंना छत तोलणाऱ्या दांड्या, स्प्रिंगा आणि कापड जिच्यावर गुंडाळते ती रोलरची नळी धडधाकट असतील तर पूर्ण ऑनिंग बदलायचे कारण नाही. इथे सांगतोय ते हाताने उघडायच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या ऑनिंगबद्दल.

सगळ्यात जास्त घोळ मापात होतो. ऑनिंग अमुक फुटी म्हणतात तेव्हा ते माप साधारणपणे एका दांडीच्या मध्यापासून दुसऱ्या दांडीच्या मध्यापर्यंतचे असते. कापड त्याहून 20 ते 25 सें.मी. कमी रुंद असते. त्यामुळे कापड मागवताना विक्रेता कुठले माप विचारतोय हे आधी स्पष्ट करून घ्या. मी दोन्ही मापे लिहून देतो: दांडीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, आणि नळीवरच्या जुन्या कापडाची काठापासून काठापर्यंत रुंदी. शिवाय काठाच्या शिवणीत घातलेल्या प्लॅस्टिकच्या दोरीची जाडी व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) मोजायची, गाडीकडची आणि नळीकडची वेगवेगळी. ही दोरी जाड निघाली तर कापड खोबणीत सरकणार नाही, बारीक निघाली तर ताण येताच सुटून बाहेर येईल.

व्हिनाइल घ्यायचे की अ‍ॅक्रिलिक? व्हिनाइलमधून पाणी झिरपत नाही, पण ओले गुंडाळून ठेवले तर बुरशी धरते. विणलेले अ‍ॅक्रिलिक हवा खेळू देते, लवकर वाळते, मात्र जोराच्या पावसात खालून दमट होते. पाऊस जास्त लागणार असेल तर मी व्हिनाइलच घेईन.

आता स्प्रिंग. नळीच्या दोन्ही टोकांच्या टोप्यांमध्ये एकेक पिळलेली स्प्रिंग असते आणि ऑनिंग बंद असतानाही तिच्यात पीळ शिल्लक असतो. ती मोकळी सुटली तर दांडी गरकन फिरते, हाड मोडण्याइतक्या जोराने. म्हणून ऑनिंग साधारण मीटरभर उघडायचे, टोपीवरचे छिद्र आतल्या दांड्याच्या छिद्रासमोर आले की त्यात कॉटर पिन (आरपार घालायची दुपाखी धातूची पिन) घालून स्प्रिंग जागच्या जागी अडकवायची. दोन्ही बाजूंना. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि वारा असेल त्या दिवशी हे काम काढूच नये.

पिन घालताच कापड किती बाहेर आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा. हे का, ते सांगतो. नळीचा व्यास 8 सें.मी. धरला तर एका फेऱ्यात सुमारे 25 सें.मी. कापड सुटते, आणि तितक्या प्रत्येक फेऱ्याला स्प्रिंगचा पीळ एकाने वाढतो. मीटरभर कापड बाहेर असताना अडकवलेली स्प्रिंग, नवे कापड पूर्ण उघडे असताना मोकळी केली, तर गुंडाळताना पीळ मध्येच संपतो आणि ऑनिंग गाडीपर्यंत येतच नाही. बसवतानाही कापड तितकेच बाहेर ठेवूनच पिना काढायच्या.

गाडीकडच्या रेलमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या ज्या खोबणीच्या पट्टीत कापडाचा वरचा काठ बसतो तिच्यात, कापडाच्या दोन्ही टोकांना छोटे स्क्रू असतात, ते काढा. दांड्यांची खालची टोके ब्रॅकेटमधून सोडवा. मग दोघांनी दांड्या उभ्या धरून एका दिशेला चालायचे आणि तिसऱ्याने शिडीवरून कापड रेलमधून सरकवत न्यायचे. दोघांतच हे काम ओढू नका. कापड तिरके होऊन अडकते आणि खोबणीचे ओठ वाकतात.

नळी दोन लाकडी घोड्यांवर, मध्ये जुनी चादर टाकून, आडवी ठेवा. एकच टोपी उघडली तरी पुरते. टोपी आणि नळी दोन्हींवर मार्करने एक सरळ रेघ ओढा, मग रिव्हेटची डोकी 4.8 मि.मी.च्या बिटने उडवा आणि टोपी स्प्रिंगसकट सरळ बाहेर ओढा. नळीला तीन किंवा जास्त खोबणी असतात: एकीत कापड, एकीत झालर, एखादी रिकामी. कुठलीत काय होते ते टेप चिकटवून लिहा. जुने कापड काढल्यावर खोबणी ब्रशने साफ करा, तोंडावरची धार कानशीने मारा आणि कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको. त्यावर धूळ चिकटते आणि कापडाला डाग पडतात.

नवे कापड आधी उन्हात पसरून मऊ होऊ द्या, थंडीत व्हिनाइल ताठ राहते. सरकवताना एकाने खोबणीच्या तोंडाशी कापड सरळ धरावे, दुसऱ्याने ओढावे. कापड नळीच्या बरोबर मध्यावर आणा, दोन्हीकडची मोकळी जागा टेपने मोजून. टोपी रेघ जुळवून परत बसवा, नवे रिव्हेट मारा, कापड ताठ व सरळ गुंडाळत जा आणि लिहून ठेवलेल्या मापाइतके बाहेर सोडा.

गाडीवर चढवण्याआधी रेलचे तोंड स्क्रू ड्रायव्हरने किंचित उघडून तिथली धारही मारा, नाहीतर नवे कापड पहिल्याच फूटभरात चिरते. कापड मध्यावर आले की एका टोकाला आखूड स्टेनलेस स्क्रू मारा, कापड ताणा, मग दुसऱ्या टोकाला मारा. स्क्रू लांब घेऊ नका, तो गाडीच्या भिंतीत जातो. जुन्या, रिकाम्या राहिलेल्या छिद्रांत सीलंट भरा. तिथून शिरलेले पाणी आतले लाकूड कुजवते. मग दांड्या ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवा आणि त्यानंतरच, दांडी कोणीतरी धरून असताना, पिना काढा.

पहिल्यांदा गुंडाळताना बाजूने पाहा. कापड एकीकडे सरकत जात असेल तर ते नळीवर मध्यावर नाही किंवा दोन दांड्यांची लांबी सारखी नाही. तिरक्या सुरकुत्या दिसल्या तर रेलमध्ये ते एकसारखे ताणलेले नाही. स्क्रू सैल करून पुन्हा ताणा. घडीच्या रेषा मात्र उन्हात आपोआप जातात. शेवटच्या फूटभरात नळी ढिली पडत असेल तर दोन्ही स्प्रिंगांना एकेक फेरा जास्त द्या: कापड गुंडाळताना नळी ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने आतला दांडा व्हाइस ग्रिपने (पकडून अडकून राहणाऱ्या पकडीने) पिळायचा आणि पकड सोडण्याआधी पिन घालायची. धाडकन आपटत बंद होत असेल तर एक फेरा कमी करा.

विजेवर चालणाऱ्या ऑनिंगला वरची पिनची पद्धत लागू होत नाही. तिथे आधी बॅटरीची जोडणी काढा आणि दांड्या पट्ट्याने बांधून ठेवा, कारण त्यांच्यातल्या गॅस स्ट्रटचा (दाबाखालच्या वायूने भरलेल्या दट्ट्याचा) दाब त्यांना सतत बाहेर ढकलत असतो. कापड निघताच त्या सुटून उघडतात.