आधी भरायचं की आधी निववायचं?

माझी सगळी नोकरी मलमं आणि क्रीम भरण्यात गेली. साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या कारखान्यात लागलो आणि त्याच धंद्यातून निवृत्त झालो. त्यामुळे मुलुंडला वहिनींनी हापूसचा जॅम विकायचं मनावर घेतलं, तेव्हा फोन आला, "भाऊजी, भरण्यातलं तुम्हाला कळतं ना? मग या." जॅम शिजवण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तिथे अडतच नव्हतं, वहिनींच्या हाताला चव आहे. अडत होतं ते गॅस बंद केल्यानंतर. काही बाटल्यांत वर पाणी सुटायचं, काहींवर बुरशी धरायची.

गॅस बंद झाला की काम झालं, उरलं ते नुसतं ओतणं, असं घरात सगळे धरून चालतात. कारखान्यात उलटं. तिथली निम्मी भांडणं निववण्या-भरण्यावरूनच व्हायची.

क्रीमचं बघा. तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग साधारण ७० ते ७५ अंशांवर एकत्र करतात, तेव्हा ते पातळ असतं. मग भांड्याच्या जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या दुहेरी कवचातून, गार पाणी खेळवत, संथ ढवळत खाली आणायचं. घाई केली तर भिंतीलगतचा थर आधी घट्ट होतो आणि मालात गुठळ्या येतात. जोरात ढवळलं तर हवा शिरते आणि ट्यूबचं वजनच लागत नाही. ट्यूब दिसते भरलेली, आत माल कमी. सुगंध घालायचा चाळिशीच्या आसपास, नाहीतर उडून जातो. एवढं सगळं झाल्यावर भरायचं.

पेट्रोलियम जेलीचा कारभार वेगळा. ती वितळलेली असतानाच डबीत ओततात आणि डबीतच सावकाश गोठू देतात. झटकन गार केली तर कडा आधी धरतात, मधला भाग मागाहून आकसतो आणि बरोबर मध्ये खड्डा पडतो. दुधाचं आणखी तिसरंच: ७२ अंशांवर १५ सेकंद, लगेच ४ अंशांपर्यंत खाली, मग पिशवीत. दूध आंबट नाही आणि त्या तापमानाला सगळे जंतू मरतही नाहीत, म्हणून उरलेल्यांना थंडीनेच अडवून धरायचं.

जॅम यातल्या कशात बसतो, हे एकदा ठरलं की पुढचं सोपं. जॅम आंबट. सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या बराच खाली असला की घातक जंतूंचे बीजाणू डोकं वर काढत नाहीत. काळजी उरते ती यीस्ट आणि बुरशीची. ती गरम मालानेच मरते. म्हणजे जॅम गरमच भरायचा आणि बाटलीत निववायचा. पिकलेला हापूस गोड असतो, म्हणून वहिनी सायट्रिक अ‍ॅसिड घालतातच. जॅम जेलीसारखा घट्ट धरायलाही ते लागतं.

गरम म्हणजे किती, हा खरा वाद. जॅम १०५ अंशांच्या आसपास उतरतो. त्याच क्षणी भरला तर वाफ झाकणाखाली जमते, तिचे थेंब जॅमवर पडतात, तिथली साखर पातळ होते आणि बुरशीला आयती जागा मिळते. फळाच्या फोडीही वर तरंगतात. फार निवू दिला तर धरायला लागलेली जेली ओतताना मोडते, पाणी सुटतं, शिवाय बाटली आणि झाकण निर्जंतुक करण्याइतकी उष्णता उरत नाही. मधली जागा ८५ अंशांची. प्रिन्सेस स्ट्रीटवरून तापमापी आणली आणि वाद मिटला.

आणली ती काचेची बाटली, मशीद बंदरहून. गार काचेत ८५ अंशांचा माल ओतला तर तडकण्याची भीती, म्हणून बाटल्या धुऊन गरमच ठेवायच्या. भरल्याबरोबर झाकण लावून काही मिनिटं उलट्या करायच्या, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूलाही तो ताप लागतो. मग सुलट्या. माल आणि वरची वाफ आकसली की आत निर्वात होतं आणि झाकणाचा मधला भाग टक् करून खाली बसतो. वहिनी दुसऱ्या खोलीतून तो आवाज ऐकून बाटल्या मोजतात. न वाजलेली घरात खायला.

भरताना पातळीवर विसंबायचं नाही. गरम माल फुगलेला असतो, निवल्यावर खाली बसतो. म्हणून शिक्का मारलेल्या काट्यावर वजन करूनच भरायचं. लेबलवर ग्रॅम लिहिलेत, तेवढे हवेतच. लेबलवरच्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे खाद्य नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, बॅच, छापील किंमत, हे पुतणीने ऑनलाइन बसून निस्तरलं. त्यात मी पडलो नाही.

मी पडलो ते निववण्यात. वहिनींना जागा वाचवायला बाटल्या खोक्यात चिकटवून ठेवायच्या होत्या. मुंबईतलं स्वयंपाकघर, त्यांचंही बरोबरच. पण तशा ठेवल्या तर मधल्या बाटल्या तासन् तास गरम राहतात, आतला माल शिजतच राहतो आणि हापूसचा केशरी रंग तपकिरीकडे झुकतो. त्यावर गार पाणी ओतायचीही सोय नाही, काच आहे. शेवटी हॉलमध्ये जाळीच्या रॅकवर, बोटभर अंतर सोडून, पंख्याखाली. खोक्यात दुसऱ्या दिवशी. पाहुणे आले तर उभे राहतात.

आता वहिनींना सरबताचं सिरप करायचंय आणि हलक्या प्लॅस्टिकच्या बाटल्या हव्यात, कुरिअर स्वस्त पडतं म्हणून. पाण्याची नेहमीची पेट (PET) प्लॅस्टिकची बाटली सत्तरीपुढे मऊ पडून वाकडी होते. गरम भरायची वेगळी बाटली मिळते, पण ती महाग. थंड भरायचं तर परिरक्षक (माल टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह) घालावं लागणार, आणि त्याला वहिनींचा सक्त नकार. सध्या काचेचाच भाव काढणं चालू आहे.