एकाच खुराड्यात तीन खुडूक कोंबड्या : माझा अनुभव

शिमगा उलटल्यावर आमच्या तीन गावठी कोंबड्या एकदमच खुडूक झाल्या, म्हणजे अंडी उबवायला बसू लागल्या, आणि तिघींनीही एकच पाटी धरली. शेजारच्या दोन पाट्या पेंढा घालून तयार होत्या. पण खुडूक कोंबडी अंडी दिसतील तिथेच बसते, त्यामुळे एकमेकींना रेटत त्या फुगून बसत आणि त्या ओढाताणीत एखादे अंडे कडेला जाऊन गार पडे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे इतर कोंबड्याही त्याच पाटीत रोज ताजी अंडी घालत होत्या. उबेला बसल्यापासून साधारण 21 दिवसांनी पिल्लू निघते. अशा मिसळीच्या रवणातून, म्हणजे एका कोंबडीखाली उबेला ठेवलेल्या अंड्यांतून, पहिली पिल्ले निघाली की आई एकदोन दिवसांत त्यांना घेऊन उठते आणि मागची, आत जीव धरलेली अंडी वाया जातात. म्हणून मी ती सर्व अंडी काढली आणि घरात थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवलेली आठवड्याच्या आतली अंडी निवडून तिन्ही रवणे एकाच रात्री बसवली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची खूण केली, म्हणजे बिनखुणेचे अंडे दिसले की ते त्याच संध्याकाळी उचलता येई.

कोंबड्या हलवल्या त्याही अंधारातच, कारण दिवसा हलवलेली कोंबडी हटकून जुन्या जागी धावते. पाटीच्या तळाशी चुलीची राख पसरली, कारण उवा सतावू लागल्या की कोंबडी रवण सोडते. प्रत्येकीखाली दहा अंडी, वर डालगे (झाकायची बांबूची टोपली) आणि मध्ये गोणपाटाचा आडोसा. सासूबाईंनी विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून प्रत्येक पाटीत एकेक लोखंडी खिळा ठेवला; माझा त्यावर विश्वास नाही, पण खिळा काढण्याचे कारणही नव्हते.

खरी शिस्त डालगे उघडण्यात होती. सकाळी एकीलाच सोडायचे; तिने दाणापाणी घ्यावे, दिवसभर अडवून धरलेली ती दर्प मारणारी विष्ठा टाकावी, धुळीत लोळावे आणि पंधरावीस मिनिटांत परतून बसावे, मगच दुसरीचे डालगे उचलायचे. तिघी एकदम सुटल्या की दोघी एकाच पाटीत शिरतात आणि एक रवण उघडे पडते.

सातव्या रात्री पुठ्ठ्याला भोक पाडून त्यामागे बॅटरी धरली आणि अंडी तपासली. फळलेल्या अंड्यात लाल शिरांची बारीक जाळी आणि मधोमध हलणारा काळा ठिपका दिसला. पोकळ अंडी नुसती पिवळसर उजळली. ती काढल्यावर उरलेली अंडी दोघींखाली सहज मावली, कारण सगळ्यांचे वय एकच होते. तिसरी तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, सारखी उठबस करणारी. तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवले आणि काही दिवसांत तिचे खुडूकपण उतरले. त्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळण्याची रीत मला पटत नाही.

शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावला नाही. पिल्ले निघाल्यावर मात्र आडोशाखालून पलीकडे गेलेल्या एका पिल्लाला दुसरीने टोचले, तेव्हा त्याच रात्री सगळी पिल्ले थोरल्या, अंगाने भारी कोंबडीच्या पंखाखाली सरकवली. सकाळी तिने कोणालाच परके मानले नाही. उष्म्याचे दिवस असल्याने एकीची ऊब सर्वांना पुरली. दुसऱ्या दिवसापासून तांदळाची कणी आणि उथळ ताटलीत पाणी दिले, आणि पहिल्याच आठवड्यात मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरच्या लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात घालून घेतला.