चार आठवडे म्हणजे महिना नव्हे

"दर महिन्याला न चुकता पैसे भरतो, तरी कौन्सिलचं थकबाकीचं पत्र का येतं?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर येतो.

घोळ बहुतेक वेळा गुणाकारात असतो. कौन्सिल भाडं आठवड्याचं आकारते, बहुधा सोमवारी, आणि तेही आगाऊ. पगार महिन्याचा, म्हणून माणूस सरळ चारने गुणतो. समजा आठवड्याचं भाडं ११० पौंड आहे. चारने गुणलं की ४४०. पण वर्षाचे आठवडे ५२. तेव्हा ११० गुणिले ५२, भागिले १२, असा हिशेब धरला की आकडा येतो ४७६ पौंड ६७ पेन्स. दरमहा साधारण ३७ पौंड कमी पडतात आणि एकही हप्ता न चुकवता वर्षअखेर चार आठवड्यांचं भाडं अंगावर बसतं. काही कौन्सिलांकडे वर्षात दोन-चार आठवडे बिनभाड्याचे असतात. तिथे ५२ ऐवजी ५० किंवा ४८ने गुणायचं. भाडेवाढीच्या पत्रात हा आकडा असतो. आपण वाचतो फक्त वाढ किती ते.

आकडा बरोबर असूनही महिनाअखेरीस पैसे भरलेत, तर खातं महिनाभर उणेच दिसणार, कारण भाडं आगाऊ देय असतं. दर हप्त्याला दहा-वीस पौंड जास्त टाकून महिन्याभराचं भाडं आधीच जमा राहील असं करा.

एप्रिल हा धोक्याचा महिना. कौन्सिलला साधारणपणे आधीच्या सप्टेंबरचा महागाई दर अधिक एक टक्का, एवढी वाढ करता येते. २०२४ मध्ये ही मर्यादा ७.७ टक्के होती, २०२५ मध्ये २.७. डायरेक्ट डेबिट, म्हणजे कौन्सिलच तुमच्या खात्यातून पैसे काढून घेते अशी सोय, असेल तर नवी रक्कम कौन्सिलच लावते. स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे ठरावीक रक्कम पाठवत राहण्याची तुमची बँकेला सूचना, मात्र तुम्हीच बदलायची. ती विसरली की वर्षभर जुनंच भाडं जात राहतं. म्हणून माझं मत डायरेक्ट डेबिटला. आणि हो, भाड्याचा रेफरन्स नंबर वेगळा, कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचा, वेगळा. एकाचे पैसे दुसऱ्यात गेले तर शोधायला आठवडे जातात.

युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांनी एप्रिलमध्ये आपल्या ऑनलाइन जर्नलमध्ये नवं भाडं नोंदवायलाच हवं; नाहीतर मदत जुन्याच आकड्यावर मिळते. घरभाड्याची ही रक्कम एरवी तुमच्याच खात्यात येते, कौन्सिलकडे परस्पर जात नाही. पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात, त्यामुळे अर्ज केला त्याच दिवशी कौन्सिलला कळवा. गरजेपेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर मदतीसाठी धरलेल्या भाड्यातून १४ टक्के कापतात, दोन किंवा अधिक असतील तर २५. नियमात काही अपवाद आहेत, ते विचारून घ्या.

घरात बुरशी आहे, दुरुस्ती होत नाही, म्हणून भाडं रोखून धरू नका. तक्रार वेगळी चालते, थकबाकी वेगळी वाढते.

भाडं थकलंच तर भाडेकरार कोणता ते आधी पाहा. बऱ्याच कौन्सिलांत पहिले १२ महिने प्राथमिक करार (introductory tenancy) असतो. त्या काळात कौन्सिलची कागदपत्रं नियमाप्रमाणे असली, तर न्यायाधीशाला घराचा ताबा कौन्सिलला द्यावाच लागतो. घर सोडण्याची नोटीस हातात पडल्यापासून १४ दिवसांत कौन्सिलकडे फेरविचार मागता येतो, तो मागाच. पुढच्या कायम करारात (secure tenancy) भाड्याच्या थकबाकीवर न्यायाधीशाला मोकळीक असते: चालू भाडं आणि थकबाकीचा छोटा हप्ता भरायच्या अटीवर ताब्याचा आदेश स्थगित ठेवता येतो. त्यासाठी सुनावणीला स्वतः जायला हवं. त्या दिवशी कोर्टातच मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, उत्पन्न कितीही असो. बँकेची तीन महिन्यांची स्टेटमेंट्स, भाड्याच्या खात्याचा उतारा आणि आठवड्याच्या खर्चाचा कागद सोबत न्या.