टोकनच्या पावतीपासून तीन चेकपर्यंत

कोथरूडमधला तो टू बीएचके मला पाहताक्षणी आवडला, हीच पहिली चूक. तिसरा मजला, 1993 ची इमारत, स्वयंपाकघराच्या खिडकीत आंब्याची फांदी. 72 लाखांवर सौदा ठरला. एजंट म्हणाला, “मॅडम, आजच लाखभर टोकन टाका. मालक अगदी सज्जन माणूस आहे.”

हेच वाक्य मी आमच्या वकीलबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “सज्जन आहेत ना? मग लिहून द्यायला काय हरकत?”

म्हणून टोकन दिलं ते पाचशेच्या स्टँप पेपरवर. मालकी हक्क निर्वेध निघाला नाही किंवा बँकेने कर्ज नाकारलं, तर पैसे 15 दिवसांत परत. असं कुणी लिहीत नाही म्हणून एजंट कुरकुरला, पण सही झाली.

चार दिवसांत त्या ओळीची किंमत कळली. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, या मालकाचं, तीन भावंडांतल्या थोरल्याचं नाव होतं, पण ते लागलं होतं वडिलांचा नॉमिनी म्हणून. मृत्युपत्र नव्हतं. आई आधीच गेलेली. गृहस्थ लबाड मुळीच नव्हते, फ्लॅट आपलाच अशी त्यांची खरोखरच समजूत होती. पण नॉमिनीचं नाव सोसायटीच्या दफ्तरापुरतं, मालकी सगळ्या वारसांची. म्हणजे धाकटा भाऊ आणि नागपूरची बहीणही विक्रेते. वकीलबाईंनी मालकीच्या जुन्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आणि साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, तिघांच्या नावे नव्याने लिहिलं. उद्या आणखी कुणी हक्क सांगत आलं तर भरपाई तिघांनी मिळून किंवा कुणाही एकाने द्यायची, हे कलम त्यात आलं. थोरले दोन दिवस फोन उचलेनात. मग बहिणीनेच त्यांना समजावलं असावं.

टीडीएसचाही, म्हणजे किमतीतून कापून सरकारकडे भरायच्या आयकराचाही, त्यामुळे गुंता झाला. प्रत्येकाचा हिस्सा 24 लाखांचा, म्हणजे 50 लाखांच्या आत, म्हणून कापायची गरज नाही असं एजंटचं म्हणणं. पण ऑक्टोबर 2024 पासून मर्यादा एकूण किमतीवर मोजतात. मी तिघांचे टीडीएसचे वेगवेगळे 26क्यूबी फॉर्म भरले, एकूण किमतीच्या एक टक्का म्हणजे 72 हजार.

मुद्रांक शुल्क साठेखतालाच पूर्ण भरलं. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर, म्हणून 7 ऐवजी 6 टक्के, 4 लाख 32 हजार. नोंदणी फी 30 हजार. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहिणीचा अंगठा मशीन घेईना, शेवटी ओल्या रुमालाने पुसून पाचव्यांदा उमटला.

पण मला खरं तारलं ते मसुद्यातल्या दोन कंटाळवाण्या गोष्टींनी. एक, दीड लाख रुपये रिकाम्या घराचा ताबा मिळेपर्यंत माझ्याकडेच राहतील आणि ताब्याच्या तारखेपर्यंतची सगळी देणी त्यातून वळती होतील. देण्यांत मेंटेनन्स, मिळकतकर, वीजबिल तर होतंच, शिवाय “त्या तारखेपूर्वी सोसायटीने ठराव केलेली कोणतीही वर्गणी, मागणी नंतर आली तरी” असं स्पष्ट लिहिलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे परिशिष्ट: घरात काय काय राहणार याची यादी, फोटोंसकट. पाच पंखे, दोन गीझर, ओट्याखालच्या ट्रॉल्या, पडद्यांचे रॉडसुद्धा. मला तेव्हा हसू आलं होतं.

सोसायटीचा ना हरकत दाखला आला, त्यात थकबाकी शून्य. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करायला सोसायटी घेते ती रक्कम, निम्मा-निम्मा ठरला होता. कमिटीने त्याशिवाय “ऐच्छिक” देणगी सुचवली, तेव्हा प्रीमियमवरच्या 25 हजारांच्या सरकारी मर्यादेची आठवण करून दिली आणि विषय मिटला. मी सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागितली. मागच्या वर्षीच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी दर फ्लॅटमागे 54 हजारांचा ठराव झालेला. मागणीपत्रं निघाली नव्हती, म्हणून दाखल्यात शून्य.

ताब्याच्या दिवशी बेडरूमच्या छताला पंख्याऐवजी नुसता हूक, त्याला लोंबणाऱ्या दोन वायरी. बाथरूममधला एक गीझरही गायब. “जुना होता हो, टाकून दिला,” थोरले म्हणाले. मी परिशिष्टातला फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला. धाकटा मध्ये पडला, “दादा, सही केलीय आपण.” पंखा-गीझरचे सहा हजार, वॉटरप्रूफिंगचे 54 हजार असे 60 हजार वळते झाले. उरलेल्या 90 हजारांचे तीन चेक मी ओट्यावरच लिहिले. ताबा पावतीवर सह्या झाल्या, किल्ल्यांचे तिन्ही जोड मोजून घेतले.

थोरल्यांनी चेकवरचं नाव दोनदा तपासलं, चेक खिशात घातला आणि माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. दाराबाहेर वडिलांच्या नावाची पितळी पाटी होती. ती यादीत नव्हती.