आमदारांची शिडी

गुरुजन, स्नेहसंमेलन, दहावीचा निकाल याबद्दल या अंकात बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. माझं निम्मं शिक्षण शाळेच्या कंपाउंडाबाहेर झालं, त्याबद्दल लिहितो. रस्त्याकडची आपली भिंत लांबलचक. निवडणुकीचा वास आला की कुणीतरी रातोरात तिच्यावर चुना मारून 'राखीव' असं लिहून जायचं. निवडणुकांना शिस्त लावणारे निवडणूक आयुक्त शेषनसाहेब यायला अजून अवकाश होता. १९८५ च्या विधानसभेला तर या भिंतीनं आठवड्यात तीन पक्ष बदलले. माणसांना ही कला पुढं अवगत झाली.

त्या दिवसांतले कोल्हापुरातल्या आपल्या पेठेतले 'आमदार' जुन्या मुलांना आठवत असतील. ते आयुष्यात कधीच निवडून आले नाहीत. छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणारे होते, आपल्याच शाळेत शिकलेले. निवडणूक कुठलीही असो, अपक्ष म्हणून यांचा अर्ज पडलेलाच. विधानसभेचं डिपॉझिट तेव्हा २५० रुपये होतं आणि एकूण मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत की जप्त व्हायचं. यांचं दर वेळी व्हायचं. कुणी डिवचलं तर म्हणायचे, "पंढरपूरला जाऊन आल्यावर एस्टीचं भाडं परत मागतोस काय रं?"

स्वतःची पत्रकं ते रात्री, उरल्यासुरल्या कागदावर छापायचे. त्यामुळं एक गुलाबी, एक पिवळं, तर एकाच्या कडेला कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची सोनेरी किनार. मागण्या तीनच: रंकाळ्यातली केंदाळ काढा, पेठेत दोन वेळ पाणी सोडा, वाचनालयात ट्यूब लावा. खरी गंमत पुढं आहे. विरोधी उमेदवारांची पत्रकंही त्याच छापखान्यात यायची आणि खिळे जुळवायला हेच. मजकुरात 'विकासाची नांदि' आलं की यांचा हात अडायचा. दीर्घ वेलांटी दिल्याशिवाय पान पुढं सरकायचं नाही. मालक वैतागायचे, ज्याच्याविरुद्ध उभा आहेस त्याचं शुद्धलेखन सुधारतोस? यावर आमदार म्हणायचे, "वेलांटी माझ्या हातात हाय. बाकीचं त्येंच्या."

एका निवडणुकीत त्यांना शिडी हे चिन्ह मिळालं. मग काय, बांबूची खरी शिडी खांद्यावर घेऊन प्रचार. पुढचं टोक आमदारांच्या खांद्यावर, मागचं भाच्याच्या. दुपारी भिंती रंगवणारी पोरं ती शिडी उसनी न्यायची आणि तिच्यावरच चढून दुसऱ्याचं चिन्ह काढायची. यांनी कधी नाही म्हटलं नाही. निवडणूक गेली, डिपॉझिट गेलं, शिडी राहिली. पंधरा ऑगस्टला ध्वजाची दोरी कप्पीत अडकली की शिपाईमामा तीच मागायला पळायचे. पाहुणे म्हणून आलेले नगरसेवक खुर्चीत, आमदार शिडी धरून उभे. आमच्या वर्गाला यात दोघांपैकी कोण मोठा, असा प्रश्न पडायचा नाही. उत्तर माहीत होतं.

त्या नगरसेवकांबद्दलही मन वाईट नाही. सकाळी पंचगंगेवर कुणाचंही रक्षाविसर्जन असो, हे गृहस्थ हजर. महापालिका पैसे न घेता अंत्यसंस्कार करते, त्याचं श्रेय मात्र ते असं सांगायचे की जणू लाकडं आणि शेणी स्वतःच्या परड्यातून आणल्यात.

नागरिकशास्त्राच्या सरांनी आम्हांला बिंदू चौकातल्या सभांना पाठवायला सुरुवात केली, हे आज कुठल्या पालकसभेत चालेल असं वाटत नाही. गृहपाठ असा: भाषण ऐका, मग त्यातून शिव्या, शेर आणि 'माझ्या बंधू-भगिनींनो' वजा करा, उरेल ते वहीत लिहा. एका बहाद्दराच्या वहीत दीड तासाच्या भाषणाचं एकच वाक्य होतं, 'रस्ता करणार.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले. त्याच चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बसले. सर तिथं थांबून सांगायचे. आजही पुढारी एकमेकांना 'हिंमत असेल तर बिंदू चौकात या' म्हणतात, तेव्हा मला ती वही आठवते.

पुढारी सगळेच तसले नव्हते, हेही नोंदवायला हवं. प्रा. एन. डी. पाटील १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री होते. ऐंशी ओलांडल्यावर हा माणूस टोलविरोधात कोल्हापूरच्या रस्त्यावर उतरला, तेव्हा चहाच्या गाड्यावर 'टोल काय जातोय व्हय?' म्हणणारे कमी नव्हते. २०१५ सरता सरता टोल गेला. आमदारांच्या मते असल्या कामाला जरा चक्रमपणा लागतोच. स्वतःची बाजू घेऊन बोलत होते, हे उघड आहे. पण मला पटतं.

१९९६ साली सीमाप्रश्नाकडं लक्ष वेधायला बेळगावात लोकसभेसाठी ४५६ उमेदवार उभे राहिले. ती बातमी आमदारांनी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवली. तमिळनाडूत एका मतदारसंघात तर आकडा हजारावर गेला. त्यानंतर कायदा बदलला, विधानसभेचं डिपॉझिट ५,००० झालं. छापखान्यातही ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले. आमदारांनी उभं राहणं सोडलं.

मी त्यांच्या घरी बसलो असताना एकदा एक उमेदवार मतं मागायला आला. मागं पंचवीस-तीस पोरं, पुढं कॅमेरा. त्यानं वाकून नमस्कार केला आणि चकचकीत रंगीत पत्रक त्यांच्या हातात दिलं. आमदारांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं. बाहेर घोषणा चालूच होत्या. मग खिशातली लाल पेन्सिल काढून ते उमेदवाराला म्हणाले, "बसा. पाच जागी चुकलंय."