दळणाची ओवी: एक अक्षर कमी

मंगळवार, रात्री

आज वहीत दोनच ओळी उरल्या.

दळिता दळिता बाई, हात आला भरून
लेकीची गं सय येते, सुपातल्या दाण्यातून

गाणं सुचलं ते सुपावरून, लेकीवरून नाही. जात्यावरच्या ओवीत दुःख एकटं येत नाही. सूप, खुंटा, उंबरा अशा कशाला तरी धरून येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहातल्या बऱ्याच ओव्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतात. संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. माहेर, भाऊराया, विठ्ठल, सीतेचा वनवास, बाबासाहेबसुद्धा. चाल बांधण्याआधी त्यातल्या वीसेक तरी सलग ऐकाव्यात, हार्मोनियम बंद ठेवून.

आता अक्षरं. 'दळिता दळिता बाई' आठ, 'हात आला भरून' सात. दुसऱ्या ओळीत आठ-आठ. पहिल्या ओळीत एक कमी पडतं, आणि इथेच हात शिवशिवतात: 'गं' घाल, 'माझा' घाल. घालू नये. 'भरून'मधला 'रू' दीर्घच आहे, तोच दोन मात्रा धरायचा. हात भरून आल्याचा जडपणा त्या लांबण्यातच येतो. भरीचं 'गं' दुसऱ्या ओळीत एकदा आलंय, तेवढं पुरे.

ठेका केरवा, आठ मात्रा. अक्षराला मात्रा दिली की 'लेकीची गं' चार मात्रांत संपतं आणि 'सय' बरोबर पाचवीवर, म्हणजे 'खाली'वर, ठेक्यातल्या बिनजोराच्या मात्रेवर पडतं. हे आपोआप जमलंय, बिघडवायचं नाही. तबलजीला आधीच सांगायचं की तिथे डग्गा भरायचा नाही. सवयीने त्याने घुमारा दिला की 'सय' दबते, आणि मग तिथे जोर द्यायला गाणारी आवाज चढवते. सगळंच भजनाच्या अंगाने जायला लागतं.

लय मिनिटाला ५६ ठोके. दोन ठोक्यांना जात्याचा एक फेरा: एका ठोक्याला खुंटा अंगाकडे ओढायचा, दुसऱ्याला सोडायचा. ७०च्या पुढे गेलं की दळणारी बाई दिसतच नाही, स्टेजवरचा कोरस दिसतो.

सूर चारच: सा रे ग म; त्यांशिवाय फक्त ओळ संपताना खालचा नी. पंचम, म्हणजे प, टाळलाय. काम करताना गाणाऱ्या बाईला वर चढायला श्वास कुठे असतो? पट्टीही खालची, हार्मोनियमची पांढरी पाच. नेहमीच्या काळी चारमध्ये आवाज सुंदर लागतो, पण दमलेला वाटत नाही.

जात्याचा आवाज खरा घ्यायचा. रिकामं जातं फिरवायचं नाही. दगडावर दगड घासून कर्कश वाजतं आणि टाकीने पाडलेल्या खाचा झिजतात त्या वेगळ्याच. ज्वारीची मूठ-मूठ वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायचे दाणे, घालत राहायचं. वैरण जास्त झाली की घरघर बसकी होते, कमी झाली की खरखर. खुंटा सैल असेल तर दर फेऱ्याला टक् असा आवाज येतो आणि तो मागाहून काढता येत नाही. खुंट्याला चिंधी गुंडाळून तो आधीच घट्ट ठोकायचा. माइक वीतभर अंतरावर, तोंडाच्या थेट वर नाही, बाजूने.  स्टँडखाली घडी घातलेली गोधडी, नाहीतर जमिनीची थरथर माइकमध्ये चढते. ६० हर्ट्झच्या खालचं कापायचं, त्याहून वर कापलं तर घरघरीतला जीवच जातो.

आवाज आणि जातं एकत्र रेकॉर्ड केलं तर एकही ओळ दुरुस्त करता येत नाही. वेगळं केलं तर श्वास आणि फेरा जुळत नाहीत. मधला मार्ग: आधी जातं, मग तेच कानात ऐकत, हाताने हवेत खुंटा ओढत गायचं. बघणाऱ्याला हसू येईल, येऊ दे.

दुसऱ्या ओवीच्या तीन ओळी खोडल्या. तिन्हींत 'डोळा पाणी' होतं.

उद्यासाठी: ज्वारी दोन वाट्या, निवडून. खडा राहता कामा नये.