वहीचं पान आणि पाट्याचं पान

"दादा, पुढून अजून दोन इंच उचलून द्या. उद्या सकाळी निघायचंय."

जुलैतला शनिवार, सकाळचे साडेनऊ. नाशिकमध्ये अंबडला आमच्या गॅरेजसमोर 2013 ची थार येऊन उभी राहिली, दिंडोरीकडच्या काळ्या मातीनं लडबडलेली. चालवणारा पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा, घरची द्राक्षबाग. रविवारी मित्रांबरोबर वैतरणेकडे चिखलात गाड्या घालायचा बेत. शेजारच्या सीटवरून त्याचे वडील, नाना, उतरले, कमरेला पट्टा, दरवाजा धरून एकेक पाय टेकवत. मला म्हणाले, "भाऊ, हा म्हणतो उंच करा. मी म्हणतो, हिच्यात बसवत नाही ते आधी बघा. खडा जरी चाकाखाली आला तरी माझ्या मणक्याला कळतं."

मी नानांचं आधी ऐकलं. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, दणका येणार हे त्याला आधीच दिसतं आणि अंग सावरलेलं असतं. शेजारी बसणाऱ्याची तक्रार म्हणूनच मला जास्त खरी वाटते.

वर्षापूर्वी एका ठिकाणी गाडी पुढून उचलून घेतली होती. या थारला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. स्प्रिंग स्टीलची लांब दांडी, तिचं एक टोक चाक धरून वर-खाली होणाऱ्या आर्ममध्ये, दुसरं मागे चासीजवळच्या ॲंकर आर्ममध्ये. चाक वर गेलं की दांडी पिळली जाते आणि तो पीळच गाडीचं वजन पेलतो. ॲंकर आर्मला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडी उचलली जाते, सैल केला की बसते. पार्ट बदलायचा नाही, अर्ध्या तासाचं काम. म्हणूनच ते इतक्या बेफिकिरीनं केलं जातं, आणि मला त्याचा राग येतो.

चारही टायरची हवा सारखी केली. सपाट सिमेंटवर गाडी पुढे-मागे ढकलली, बंपर चार वेळा दाबून सोडला. जॅकवरून नुकत्या उतरवलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली असतात, टायर जमीन धरून ठेवतो आणि गाडी खोटी उंच दिसते. त्या अवस्थेतलं माप मी वहीत लिहीत नाही. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेतली. पुढे डावं-उजवं जवळपास सारखं. मागे मात्र उजवी बाजू 28 मिमी खाली. आणि खाली शिरून पाहिलं तर पुढचा उजवा बोल्ट डाव्यापेक्षा नऊ आटे जास्त आत गेलेला.

पुढची उंची सारखी आणि बोल्ट इतके वेगळे, इथे मी थांबलो.

बॅटरी मारून आर्म पाहिली. चाक खाली उतरताना आर्म शेवटी एका रबरी स्टॉपरवर टेकते. खड्डा आला तर चाकाला खाली जायला जागा हवी, म्हणून गाडी उभी असताना आर्म आणि त्या रबरामध्ये चांगलं अंतर हवं. खिशातल्या वहीचं एक पान फाडलं आणि मध्ये घातलं. उजवीकडे पान सरकेना. डावीकडे घासत घासत गेलं. म्हणजे गाडी चारही चाकांवर उभी, माणसं खाली उतरलेली, आणि पुढची चाकं आधीच त्यांच्या खालच्या टोकाला. उजव्या ॲक्सलचं रबर बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालं होतं. ॲक्सलला इतक्या तिरक्या कोनात सतत फिरवलं की बूट टिकत नाही.

पोराला पटेना. "पण उंच आहे म्हणून तर दगडावरून जाते ना?"

मी खडूनं जमिनीवर दोन रेघा ओढल्या, सहा इंचांवर. "समज, चाकाला वर-खाली मिळून एवढीच जागा आहे. ही वरची रेघ, ही खालची." मध्ये एक फुली मारली. "गाडी इथं उभी असेल तर चाक वरही जातं, खालीही. बोल्ट आवळलास की फुली खालच्या रेघेकडे सरकते. रेघा तिथंच राहतात." तो बघत राहिला. "फुली रेघेला टेकली की चाकाला खाली उतरायला काही उरत नाही. खड्ड्यावर ते लोंबकळतं आणि पुढची सगळी गाडी रबरावर आदळते. तुझ्या वडिलांना तोच दणका बसतोय." बोल्ट आवळल्यानं दांडी कडक होत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. वजन तेच, म्हणून पीळ जवळपास तोच. पण आर्म रबराला टेकल्यावरही आवळत राहिलं तर तो जादा पीळ दांडीत कोंडून राहतो, आणि तेवढा जोर लागेपर्यंत चाक वर हलतच नाही. मागच्या डिफरन्शियलची, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गोळ्याची, जमिनीपासूनची उंची तर या बोल्टानं एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, ती मोठ्या टायरनंच वाढते.

आता राहिले ते नऊ आटे. पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या तुळईच्या, बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली, बाजूला स्टँड सरकवून ठेवले पण टेकू दिले नाहीत. पुढून आता एकाच बिंदूवर आधार, म्हणजे गाडी कुठं कलते ते फक्त मागचे पाटे ठरवणार. पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या स्टीलच्या पट्ट्यांची स्प्रिंग, त्यातली एकेक पट्टी म्हणजे पान. गाडी उजवीकडे कलली. गॅरेजातल्या आमच्या पोराला पंपाचं पाणी मारायला सांगितलं. चिखल गेला, तरी वरून पाटा शाबूत दिसत होता. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सोडले, तो खाली काढला, पानं सुटी केली. दुसरं पान मधल्या बोल्टच्या भोकापाशी आरपार तुटलेलं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजानं काळपट, उरलेला लख्ख, करड्या दाण्यांचा. चीर जुनी होती, शेवटचा तुकडा अलीकडे गेला होता.

म्हणजे झालं असं: पान तडकल्यावर गाडी उजवीकडे बसायला लागली असणार. ती सरळ दिसावी म्हणून कुणीतरी पुढचा उजवा बोल्ट आवळत गेलं. पलंगाचा एक पाय आखूड झाला तर दुसऱ्याच पायाखाली पाचर मारावी तसं. वजन मग पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या चाकावर गेलं. नानांना विचारलं, "जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते का?" ते मुलाकडे बघून म्हणाले, "मी याला तेच सांगत होतो." वणीचा घाट ते याच गाडीनं चढतात-उतरतात. तुटलेलं पान हातात धरून हे ऐकताना मला बरं वाटलं नाही.

"उद्याचं जमणार नाही," मी म्हणालो. पोराचा चेहरा पडला. त्यानं बाहेर जाऊन दोन फोन केले आणि परत येऊन काही न बोलता पान उचलून पाहत बसला.

द्वारकेकडच्या पाटेवाल्याकडून दोन्ही बाजूंचे पाटे मागवले. एकच बदलला असता तर जुना आणि नवा पुन्हा सारखे बसले नसते. पुढचं काम दुपारनंतर: गाडीची पुढची बाजू स्टँडवर, चाकं मोकळी लोंबती, बोल्टांना तेल सोडून मग सैल केले. आधी दोन्ही दांड्यांवर रंगानं खुणा केल्या. छिन्नी किंवा पंचची खूण टॉर्शन बारवर कधीच करू देत नाही, बारीक ओरखड्यातूनच तडा सुरू होतो. डावी दांडी उजवीकडे चालत नाही हेही आमच्या पोराला पुन्हा सांगितलं, त्यांना बनवतानाच पिळाची दिशा दिलेली असते. नवं बूट, नवं ग्रीस. मग खाली उतरव, ढकल, दाब, माप, पुन्हा थोडं फिरव, असं सहा वेळा. शेवटी गाडी आली तेव्हापेक्षा पुढून 35 मिमी खाली बसली. आर्म आणि रबराच्या मध्ये माझी दोन बोटं सहज गेली. अलाइनमेंटला साडेसात वाजले. उंची बदलली की चाकाचा कल आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, दोन्ही बदलतात, ते केल्याशिवाय मी चावी देत नाही.

चाचणीला नानांनाच शेजारी बसवलं. भुरभुर पाऊस, त्र्यंबक रोड, महिरावणीच्या पुढे अंजनेरीच्या बाजूची एक कच्ची वाट. खड्डे पाण्यानं भरलेले, खोली कळत नव्हती. पहिल्या खड्ड्याला नानांनी सवयीनं वरचं हँडल पकडलं. चाक खाली उतरलं आणि पाण्यातून वर आलं. चौथ्या की पाचव्या खड्ड्याला मी पाहिलं तर हात मांडीवर होता.

पुढच्या शनिवारी फेरतपासणीला बोलावलं होतं. नवे पाटे 6 मिमी बसले होते, ते अपेक्षितच होतं, पुढे अर्धा-अर्धा आटा सैल केला. त्या रविवारी पोरगा वैतरणेला गेला आणि रात्री व्हिडिओ पाठवला. गाडी तिरकी चर ओलांडतेय, पुढचं डावं चाक चरीत खाली, अजून खाली उतरतं, तळाची माती धरतं आणि गाडी न अडखळता वर येते. पाठीमागून कुणीतरी ओरडतं. मी तो तुकडा आमच्या पोराला थांबवून थांबवून दाखवला, आर्म कुठपर्यंत गेली ते बोटानं दाखवून. तुटलेलं पान अजून बाकाखाली ठेवलंय.